दिवा लावण्याआधी

पोरी, एस्पराइटचा तुकडा मिळाल्याचं तू फोनवर एवढ्या हरखून सांगत होतीस की मध्येच तुला सूचना द्यायचा धीर झाला नाही. आता निवांत लिहिते. न्यू जर्सीत घर आणि फ्रँकलिनचं खाणगाव तासा-दीड तासावर, म्हटल्यावर हे वेड तुला लागणारच होतं. फ्रँकलिन आणि शेजारचं स्टर्लिंग हिल मिळून ३५० हून जास्त खनिजं सापडली आहेत आणि त्यांतली ९० च्या आसपास अतिनील उजेडात चमकतात. एवढ्या छोट्या गावांना एवढं वैभव दुसरीकडे मिळणं कठीण.

तुझा उत्साह दांडगा आहे, त्याला माझ्याकडून काही घालायची गरज नाही. मी फक्त सवयी सांगते. चमक दगडाची असते, पण ती खरी दिसणं, डोळे शाबूत राहणं आणि दगडाचं नाव टिकणं हे सगळं आपल्या सवयींवर आहे. हा कागद अतिनील दिव्याच्या पेटीतच ठेव.

दगडाची ओळख

१. एस्पराइट म्हणजे शिसं, कॅल्शियम आणि जस्त यांचं सिलिकेट, एवढं आधी पाठ कर – नावात काय काय आहे ते ठाऊक असलं की पुढे हात का धुवायचे ते वेगळं सांगावं लागत नाही.

२. दिवसा त्याला ओळखायला शीक: पांढुरका, कधी राखाडी, किंचित तेलकट चकाकीचा – शॉर्टवेव्ह म्हणजे आखूड तरंगलांबीच्या अतिनील उजेडाखाली तो लख्ख लिंबू-पिवळा होतो हे सगळे सांगतील, पण उजेडात न ओळखणाऱ्याच्या हातून तो साधा दगड म्हणून टाकला जातो.

३. जपून वापर, कारण नवा येणार नाही – फ्रँकलिनची खाण १९५४ साली बंद झाली, आणि बाजारात फिरतं ते बहुतेक तेव्हाचंच, या हातातून त्या हातात जाणारं.

४. जुन्या चिठ्ठीवर ‘कॅल्शियम लार्सेनाइट’ लिहिलेलं दिसलं तर चुकीचं म्हणून खोडू नकोस – १९२८ साली या खनिजाचं वर्णन त्याच नावाने झालं, एस्पराइट हे नाव १९६५ सालचं आहे. म्हणजे ती चिठ्ठी बहुधा तुझ्या-माझ्यापेक्षा जुनी.

५. नुसतं ‘लार्सेनाइट’ लिहिलं असेल तर मात्र थांब – ते शिसं आणि जस्ताचं वेगळंच सिलिकेट आहे. दोन्ही नावं एस्पर लार्सन या एकाच भूवैज्ञानिकाची आहेत, म्हणून गोंधळ होतो.

६. एस्पराइट ओळखताना त्याच्या शेजाऱ्यांकडेही बघ: विलेमाइट हिरवं, कॅल्साइट नारिंगी-लाल, हार्डिस्टोनाइट जांभळट निळं, क्लायनोहेड्राइट नारिंगी – एकट्या पिवळ्या रंगावर फसता येतं, सगळी मंडळी एकत्र दिसली की खात्री वाढते.

७. काळं फ्रँकलिनाइट चमकत नाही म्हणून त्याला कमी लेखू नकोस – जस्त, लोखंड आणि मँगनीज असलेल्या या धातुकासाठीही ही खाण चालली. काळ्याच्या शेजारी हिरवं आणि लाल उठूनही दिसतं.

८. ‘एस्पराइट, स्टर्लिंग हिल’ अशी चिठ्ठी दिसली की विकणाऱ्याला गोड आवाजात एक प्रश्न विचार – एस्पराइटसाठी नाव आहे ते फ्रँकलिनच्या खाणीचं. दोन खाणी जवळ आहेत, पण दोन्हींचा माल एक नाही.

चमक येते कुठून

९. पाहुण्यांना सोप्या शब्दांत सांगता आलं पाहिजे: न दिसणारा अतिनील उजेड दगडातले काही अणू शोषून घेतात, त्यातली थोडी ऊर्जा आतच खर्च होते आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात बाहेर पडते – हे स्वतःला नीट कळलं नसेल तर आपण ‘जादू’ म्हणून मोकळे होतो, आणि दगडाची खरी गंमत सांगायची राहते.

१०. विलेमाइटचा हिरवा आणि कॅल्साइटचा नारिंगी-लाल, दोन्ही रंग मँगनीजचे, हे लक्षात ठेव – विलेमाइटमध्ये मँगनीजच्या अणूभोवती चार ऑक्सिजन असतात, कॅल्साइटमध्ये सहा, आणि त्या शेजारावर रंग ठरतो. मँगनीज एकच, घर बदललं की तेज बदललं.

११. कॅल्साइट लाल दिसलं की मँगनीजबरोबर शिशाचीही आठवण काढ – शॉर्टवेव्हचा उजेड मँगनीज स्वतःहून फारसा घेत नाही, शिसं तो पकडतं आणि मँगनीजच्या हाती देतं. फ्रँकलिनला ही जोडी जमली म्हणून तिथलं कॅल्साइट एवढं उजळतं.

१२. एखादा दगड मंद निघाला तर हिरमुसू नकोस – लोखंडाचं प्रमाण वाढलं की चमक मरते, आणि मँगनीजही गरजेपेक्षा जास्त झालं की एकमेकांचीच ऊर्जा खाऊन टाकतं. चिमूटभर असेल तर उजेड, मूठभर झालं की काळोख.

१३. चमकला म्हणून नाव देऊ नकोस आणि चमकला नाही म्हणून नाव काढून घेऊ नकोस – एकच खनिज एका खाणीत उजळतं आणि दुसऱ्या खाणीत गप्प बसतं. चमक हा साक्षीदार आहे, निकाल नाही.

१४. दिवा बंद केल्यावर लगेच खोलीतला दिवा लावू नकोस, क्षणभर दगडाकडेच बघत राहा – काही विलेमाइट उजेड गेल्यावरही हिरवं तेवत राहतं, आणि घाई करणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

दिव्याची निवड आणि निगा

१५. दिवा घेताना दिसण्याला भुलू नकोस, आकडा वाच: शॉर्टवेव्ह २५४ नॅनोमीटर, लाँगवेव्ह ३६५ – एस्पराइटला शॉर्टवेव्ह लागतो. चुकीच्या आकड्याखाली तुझा मौल्यवान तुकडा नुसता बसून राहील.

१६. ३९५ नॅनोमीटरची स्वस्त बॅटरी या कामासाठी घेऊ नकोस – तिच्यातून जांभळा उजेडच एवढा येतो की मंद चमक त्यात बुडून जाते.

१७. दिवा आणि दगड यांच्यामध्ये काच ठेवू नकोस, कपाटाचं काचेचं दारही नाही – साधी काच शॉर्टवेव्ह अडवते. बाहेरून कितीही दिवा धर, आतला दगड झोपलेलाच राहतो.

१८. दिव्याच्या काळ्या-जांभळ्या फिल्टरला बोट लावू नकोस, डाग पडलाच तर मऊ कोरड्या कापडाने हलकेच पूस – दिसणारा उजेड अडवून अतिनील सोडायचं काम तोच करतो. तो मळला की दोन्ही कामं बिघडतात.

१९. फिल्टर वापरून वापरून थकतो हे गृहीत धर – शॉर्टवेव्हचाच मारा खाऊन तो हळूहळू कमी उजेड सोडायला लागतो, आणि ते एवढं सावकाश होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही. दिवा म्हातारा झाला की दगडाला नावं ठेवू नयेत.

२०. म्हणून विलेमाइटचा एक स्वस्त, साधा तुकडा कायम दिव्यासोबत ठेव आणि दर वेळी आधी तोच बघ – तो नेहमीसारखा हिरवा दिसला तर दिवा ठीक, मग बाकीच्यांना बोलाव.

२१. दिवा दगडाच्या जवळ, वीतभर अंतराच्या आत धर – अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो. दुरून ‘मंद आहे’ म्हटलेले कितीतरी दगड जवळून झळाळतात.

२२. नळीचा दिवा असेल तर लावल्यावर थोडा वेळ जाऊ दे – पाऱ्याची वाफ तयार व्हायला क्षण लागतात. पहिल्या झटक्यात केलेला अंदाज कच्चा असतो.

२३. नळी फुटली तर खिडकी उघड, मुलांना बाहेर पाठव, तुकडे जाड कागदाने गोळा कर आणि व्हॅक्युम क्लीनर अजिबात लावू नकोस – आत थोडा पारा असतो आणि व्हॅक्युम तो घरभर उडवतो.

२४. महिनाभर दिवा लागणार नसेल तर सेल काढून ठेव – गळलेला सेल आधी दिवा खातो आणि मग तुझी सुट्टी.

डोळे आणि कातडी

२५. शॉर्टवेव्हच्या दिव्यात थेट बघू नकोस, ‘चालू आहे का’ हे तपासायलाही नाही – त्या वेळी काहीच होत नाही, काही तासांनी वाळू गेल्यासारखे डोळे खुपायला लागतात आणि रात्र जाते. वेल्डिंग करणाऱ्यांना विचार, ते सांगतील.

२६. अतिनील अडवणारा, बाजूनेही बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा दिव्याच्या पेटीतच ठेव – दुसऱ्या खोलीत ठेवलेला चष्मा ‘आज एवढंच बघते’ म्हणून राहून जातो.

२७. तुझा नंबरचा चष्मा पुरेसा समजू नकोस – तो समोरून अडवेल, पण टेबलावरून आणि दगडावरून उलटलेला उजेड बाजूने शिरतो.

२८. पूर्ण बाह्यांचं घाल आणि दगड फिरवताना हातमोजे वापर – याच तरंगलांबीचे दिवे जंतू मारायला वापरतात. जंतूंना जे मारतं ते तुझ्या कातडीचे लाड करणार नाही.

२९. मुलं असतील तर दिवा नेहमी खाली, दगडाकडे तोंड करून धर – तुझ्या कमरेची उंची म्हणजे त्यांच्या डोळ्यांची उंची. सगळ्यांत चांगलं म्हणजे काळा खोका, वर दिवा आणि पुढे अॅक्रिलिकची खिडकी: उजेड आत, डोळे बाहेर.

३०. मांजर खोलीत असेल तर आधी तिला बाहेर काढ – तिला चष्मा घालता येत नाही, आणि हलणाऱ्या उजेडाकडे ती बघणारच.

अंधाराची तयारी

३१. खिडकी नसलेली बाथरूम ही फ्लॅटमधली उत्तम जागा, दाराखालच्या फटीला काळा टॉवेल लाव – बोटभर फटीतून येणारा उजेडही हार्डिस्टोनाइटचा निळा रंग पुसून टाकतो.

३२. दिवा लावायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं अंधारात बस, आणि मोबाइल दाराबाहेर ठेव – एक मेसेज वाचलास की डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावतात. घाईच्या डोळ्याला अंधार दिसतो, थांबल्या डोळ्याला दगड.

३३. दगडाखाली पांढरा कागद किंवा पांढरं कापड ठेवू नकोस – कागदात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणासाठी घातलेली द्रव्यं निळी-पांढरी चमकतात, आणि नजर दगड सोडून टेबलावर जाते.

३४. काळं कापडही आधी दिव्याखाली तपास – उजेडात काळंभोर दिसणारं कापड धुण्याच्या पावडरीमुळे अंधारात निळसर निघतं. काळेपणाची परीक्षा काळोखातच होते.

३५. बघण्याआधी दगडावर मऊ ब्रश फिरव – कपड्याचा एक धागा दगडाच्या खाचेत अडकला की तो निळी शीर म्हणून मिरवतो, आणि कुणीतरी त्याला नवं खनिज समजून वहीत नोंदतं.

३६. जांभळी झाक दिसली की दगड किंचित फिरव – दिव्यातून थोडा जांभळा उजेड निसटतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर चकाकतो. जो रंग हलतो तो दिव्याचा, जो ठरतो तो दगडाचा.

धुणं, पुसणं, जपणं

३७. एस्पराइटच्या दगडाला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, पावडर लावू नकोस – पावडरीचा अंश खाचांत राहतो आणि पुढे तोच निळा चमकतो.

३८. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, कुठलंही आम्ल या दगडाजवळ नेऊ नकोस – सोबतचं कॅल्साइट फसफसून विरघळतं, आणि चार रंगांचा दगड तीन रंगांचा होतो.

३९. दगड स्वयंपाकघरात धुवू नकोस, धुतल्यावर हात साबणाने धू, आणि तो घासू किंवा कापू नकोस – आत शिसं आहे. बाहेरून बघायला धोका नाही, धूळ पोटात किंवा नाकात जायला नको.

४०. ‘आत आणखी पिवळं असेल’ म्हणून हातोडी घेऊ नकोस – बंद झालेल्या खाणीच्या दगडाचे दोन तुकडे केले की दोन दगड होत नाहीत, एक दगड कमी होतो.

४१. जोडलेला दगड ओळखायचा असेल तर भेगेवर शॉर्ट आणि लाँग दोन्ही दिवे फिरव – बरेचसे डिंक पांढरट निळे चमकतात. सरळ रेषेत धावणारी अशी शीर दिसली की तिथे दगड जोडलेला असायची शक्यता मोठी.

४२. संग्रहात हॅकमनाइट आलं तर त्याला वेगळा, अंधारा डबा दे – त्याचा जांभळा रंग उन्हात उडतो आणि शॉर्टवेव्हखाली परत येतो. एस्पराइटला तसलं काही नाही, पण दोघांना एका नियमात बसवू नकोस.

चिठ्ठी आणि वही

४३. प्रत्येक दगडाला चिठ्ठी: खनिजं, खाण, गाव, कुणाकडून घेतला, कधी – खाण बंद असलेल्या दगडाची निम्मी किंमत त्या कागदात असते. चिठ्ठी हरवली की दगडाचं माहेर हरवलं.

४४. आधीच्या मालकाची चिठ्ठी कितीही मळकी असली तरी आपल्या चिठ्ठीसोबत ठेव – ती फेकली की दगडाचा मागचा प्रवास पुन्हा जुळवता येत नाही.

४५. दगडावर क्रमांक लिहायचा तर तळाशी, इवलासा, आणि रंग आधी दिव्याखाली तपासून – काही पांढरे रंग एवढे चमकतात की पाहुणे दगडाऐवजी क्रमांक बघतात.

४६. वहीत शॉर्टवेव्ह आणि लाँगवेव्हचे रंग वेगवेगळ्या रकान्यांत लिही, दिव्याचं नावही लिही – ‘पिवळा’ एवढीच नोंद पाच वर्षांनी तुला काहीच सांगणार नाही.

४७. खात्री नसेल तिथे ‘बहुतेक’ लिहायला लाजू नकोस – ‘बहुतेक’ पुढे दुरुस्त होतं. खोटी खात्री मात्र चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उतरत जाते.

खरेदी

४८. प्रदर्शनात स्वतःचा दिवा आणि चष्मा घेऊन जा, आणि लावण्याआधी परवानगी माग – तुझ्या दिव्याखाली जसा दिसेल तसाच तो घरी दिसणार आहे. विचारून लावणाऱ्याला विक्रेता पेटीतला दुसरा दगडही काढून दाखवतो.

४९. दगड उलटा करून बघ, कडेनेही बघ – काही तुकड्यांत पिवळा रंग फक्त एका बाजूच्या पातळ थरात असतो. वाईट नाही, पण पैसे थराचे द्यावेत, डोंगराचे नव्हे.

५०. फोटो पाहून घ्यायचा असेल तर दिवसाच्या उजेडातला फोटोही माग – कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की मंद चमकही झगमगते. दिवसाचा फोटो सहसा थापा मारत नाही.

५१. पहिला तुकडा छोटाच घे, पण चांगला – एस्पराइटची किंमत पिवळ्या भागाच्या आकाराने वाढते. सुपारीएवढ्या तुकड्यात शिकण्यासारखं तेवढंच असतं.

खाणीकडे जाताना

५२. आधी फ्रँकलिन मिनरल म्युझियम आणि ऑग्डेन्सबर्गचं स्टर्लिंग हिल मायनिंग म्युझियम बघ, मग खरेदी कर – स्टर्लिंग हिलची खाण १९८६ साली बंद पडली आणि १९९० साली म्युझियम म्हणून उघडली. बोगद्याच्या भिंतीवर हिरवा आणि लाल एकत्र उजळताना पाहिला की नजर तयार होते.

५३. स्टर्लिंग हिलमधलं टॉमस वॉरन यांच्या नावाचं फ्लुओरेसन्सचं दालन घाईत उरकू नकोस – तिथे जगभरचे चमकते दगड शेजारी शेजारी मांडले आहेत. आपल्या दगडाचा रंग कुठे बसतो ते तिथे कळतं.

५४. दगड वेचायचे ते परवानगी असेल तिथेच, फ्रँकलिनच्या म्युझियमपाशी बकव्हीट डंप त्यासाठीच ठेवलेला आहे – एकाने कुंपण ओलांडलं की पुढच्या दहा जणांसाठी फाटक बंद होतं.

५५. तिथे हातोडी मारताना साधा सुरक्षा चष्मा, जाड बूट आणि शेजाऱ्यापासून अंतर – विलेमाइटचा कपचा डोळ्यात गेला तर तोही हिरवा चमकेल, पण बघायला डॉक्टर लागेल.

५६. तिथल्या लोकांकडून कामाच्या गोष्टी ऐकून घे – खाणीच्या कंपनीत टाकाऊ मालात विलेमाइट राहून तर जात नाही ना, हे तपासायला विजेच्या ठिणगीचा अतिनील उजेड वापरत. हौशी मंडळी नंतर आली, आधी हा उजेड रोजच्या कामाचा होता.

५७. पाहुण्यांत इंजिनियर असतील तर त्यांना सांग की मँगनीज घातलेलं जस्ताचं सिलिकेट, म्हणजे विलेमाइटचाच मानवनिर्मित भाऊ, जुन्या ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यांवर असायचं – दगडाशी नातं जुळलं की माणूस जास्त वेळ थांबतो.

पुण्याला येशील तेव्हा

५८. दिवा घेऊन ये, पण सगळं फ्रँकलिनसारखं चमकेल अशी आशा ठेवू नकोस – आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधले अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट स्फटिकांच्या आकारासाठी नावाजलेले आहेत. वाघोलीच्या कॅव्हन्साइटचा निळा रंग तर दिवसाच्या उजेडातच बघावा.

५९. नाशिककडचं पॉवेलाइट शॉर्टवेव्हखाली पिवळं चमकलं तर त्याला एस्पराइट म्हणू नकोस – ते कॅल्शियमचं मोलिब्डेट आहे, सिलिकेटही नाही. रंग जुळला म्हणून कूळ जुळत नाही.

६०. चालू दगडखाणीत एकटी शिरू नकोस, मालकाची परवानगी घे, सुरुंगाची वेळ विचार – तिथली माणसं मनाने मोकळी असतात, विचारलंस तर बाजूला ठेवलेला गड्डाही दाखवतील.

६१. विमानात दिव्याचे सुटे लिथियम सेल हातातल्या पिशवीत ठेव, दगड कपड्यांत गुंडाळ आणि चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेव – सामानाची उलथापालथ झाली तर दगड सापडतात, सुटे कागद सापडत नाहीत.

दुसऱ्यांना दाखवताना

६२. दगड आधी उजेडात हातात दे, मगच खोलीतला दिवा बंद कर – तो पांढुरका, साधा तुकडा स्वतःच्या हाताने पाहिला असेल, तरच त्याचं पिवळं होणं मनाला भिडतं.

६३. एका वेळी तीन-चारच दगड दाखव, आणि रंगाचं नाव आधी पाहुण्याला सांगू दे – आपण ‘लिंबू-पिवळा’ म्हटलं की सगळ्यांना लिंबूच दिसतं. नवख्या डोळ्याला कधी कधी आपल्याला न दिसलेली शीर दिसते.

६४. लहान मुलाने ‘हा का नाही चमकत?’ विचारलं तर काळ्या फ्रँकलिनाइटची गोष्ट त्याला सावकाश सांग – ज्या मुलाला न चमकणाऱ्या दगडाबद्दल प्रश्न पडतो, ते पुढे हा छंद नीट सांभाळतं.

६५. संग्रहाची एक यादी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देऊन ठेव, कुठला दगड कुठल्या डब्यात आणि कुठल्यात शिसं आहे ते त्यात लिही – आपण गावाला गेलो असताना कुणी आवराआवर केली तर काय जपायचं, काय टाकायचं नाही आणि कशाला हात लावल्यावर हात धुवायचे, ते त्यांना कळलं पाहिजे.

६६. आणि या कागदातली एखादी गोष्ट तुझ्या दिव्याखाली वेगळी दिसली, तर दिव्याचा आकडा, दगडाची खाण आणि दिसलेला रंग वहीत लिहून मला कळव – तुझे डोळे तरुण आहेत आणि तुझा दिवा नवा. मी माझी यादी त्याप्रमाणे दुरुस्त करीन.